आज कुठं सुटलं?

माय,

चार दिवसांची रजा काढून अंबडला दादाकडे आले आहे. वहिनी मला कशाला हात लावू देत नाही, दादा मला पाहुण्यासारखं वागवतो आणि दोघं मिळून मला नुसतं खायला घालतात. काल सकाळी कंटाळून त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले आणि वडीगोद्रीच्या रस्त्यानं निघालो. वाटेत एका वावरात बाया कपाशीच्या ओळींतून वाकून चालल्या होत्या, ओटीत फुलं. मी दादाच्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. बांधावर उभी राहिले तर एका म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोनाच्या तुमी?" मी तुझं नाव सांगितलं. "मुकादमीन बाईची धाकली का तू? जी आभाळात कामाला हाये?" मी हो म्हणाले. "मंग खाली यायला सुट्टी देतेत का बराबर?" सगळ्या बाया हसल्या. मी चपला काढून तिच्या ओळीत शिरले आणि चारसहा फुलांना पराग लावून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "हात बसेल हाये अजून." गेल्या महिन्यात आमच्या संचालकांनी माझी स्तुती केली होती, पण हिनं केलेल्या स्तुतीनं मला जास्त बरं वाटलं. परत येताना ठरवलं, तुला लिहायचं. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सरळ सांगून टाकली तर बाकीचं कळणार नाही, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

माझ्या लेकीला तुझं काम समजावताना मी सांगते, की संकरित कपाशीचं बियाणं आपोआप तयार होत नाही, ते बायांच्या हातांनी तयार होतं. दुपारनंतर मादी झाडाची उद्या उमलणारी कळी शोधायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतला पिवळा पराग सोलून काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. एवढंच. पण असं रोज शेकडो कळ्यांचं. एखादी कळी नजरेतून सुटली, तर ती आपल्याच परागानं फळते, आणि तिचं बी वरून बघितलं तर अगदी तसंच दिसतं. कंपनीवाले नंतर नमुना पेरून बघायचे. त्यात भलतीच झाडं निघाली की अख्खा प्लॉट नापास. तुझ्या हाताखाली वीस-बावीस बाया असायच्या, आणि बाकीचे मुकादम संध्याकाळी आपापल्या बायांना विचारायचे, "किती झाल्या?" तू बांधावर चहाचं पातेलं ठेवून विचारायचीस, "आज कुठं सुटलं?"

मला ते लहानपणी फार विचित्र वाटायचं. जी बाई म्हणेल, "माझ्या तिसऱ्या ओळीत, बाभळीपाशी, जरा डोळा लागल्यागत झाल्तं," तिला पहिला कप, वर गुळाचा खडा. जी म्हणेल, "माझं काईच सुटलं न्हाई," तिला चहा सगळ्यात शेवटी, पातेल्याच्या बुडाचा. दुसऱ्या दिवशी उजाडता तू जायचीस ती त्या बुडाच्या चहावालीच्या ओळीत. "ज्याचं कधीच काई सुटत न्हाई, त्याच्याकडं मी अगुदर बघते," असं तू सरळ तोंडावर सांगायचीस. हळूहळू बायांमध्ये चूक सांगायची चढाओढ लागली. एकदा दोघी जणी एकाच सुटलेल्या कळीवरून भांडल्या, ती माझ्या ओळीतली का तुझ्या, म्हणून. तू दोघींनाही गूळ दिलास आणि त्या कळीचं फूल स्वतः खुडून टाकलंस.

मला मात्र त्या गुळाआधी अकरा फुलं मिळाली. आठवतं का? मी अकरावीत होते, रविवारी तुझ्याबरोबर आले होते आणि सगळ्यांपेक्षा जल्दी ओळ संपवून दाखवायची हौस होती. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं, की माझं काही सुटलेलं नाही. मी शिकलेली, मला कसं सुटेल! दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून येते, ताटावर बसते, तर भाकरीच्या शेजारी अकरा उमललेली फुलं मांडलेली. पिवळीधम्मक. दादा हसू दाबून भाजीत बघतोय. तू चुलीपाशी बसून म्हणतेस, "खा. तुझ्या ओळीतली हायेत." मी रडकुंडीला येऊन म्हणाले, की अकराच तर आहेत. तू म्हणालीस, "अकरा सुटली म्हणून न्हाई वाढली. न्हाई सुटली म्हणालीस, म्हणून वाढली." नंतर तू ती उचलून बाजूला ठेवलीस आणि मला ठेचा वाढलास. पुढं कितीतरी दिवस मला ताटात पिवळं वरण बघितलं तरी दचकायला व्हायचं.

पण तू नुसती दुसऱ्यांना चुका विचारत नव्हतीस, हे मला एका सकाळी दिसलं. नर फुलं कमी पडली होती आणि घाईत तू हात करून सांगितलंस, "त्या तुकड्यातून आणा." बायांनी आणली. सहा ओळी झाल्यावर तू एक फूल उलटून बघितलंस. पाकळीच्या बुडाशी जो लाल ठिपका पाहिजे, तो नव्हता. तू दाखवलेला तुकडाच चुकीचा होता, भलत्याच वाणाचा. त्या दिवशी कंपनीचा साहेब फटफटीवर आला तेव्हा त्याला काहीही कळलं नव्हतं, तो पाणी पिऊन निघाला होता. तू त्याला हाक मारून परत बोलावलंस आणि सहा ओळी दाखवल्यास. त्या सहा ओळींतली त्या दिवसाची झाडून सगळी फुलं खुडावी लागली. शेतमालक संतापला. "मुकादमीन बाई, त्याला सपनात तरी कळलं असतं का? तोंड काहून उघडलं?" तू पदर खोचत म्हणालीस, "म्या गप बसले तर बियानं बोलंल, मालक. आन् ते तुमच्या वावरात न्हाई बोलायचं, दुसऱ्याच्या वावरात जाऊन बोलंल." मालक त्या हंगामात तुझ्याशी पुन्हा बोलला नाही. पुढच्या हंगामाला मात्र सकाळी सकाळी आपल्या दारात येऊन उभा होता, कारण साहेबानं त्याला सांगितलं होतं, की मुकादमीन हीच पाहिजे.

आता माझ्या कामाचं. मी नोकरीला लागले तेव्हा तू विचारलं होतंस, "तिथं काय पिकवून राह्यले तुमी?" मी म्हणाले, रॉकेट, उपग्रह. "मंग बी कुठून आणतेत?" तेव्हा मी हसले होते. आज हेच माझं काम आहे, बी आणणं. मी स्वतः काही बनवत नाही. पुढच्या मोहिमांना जी नवी यंत्रं, नवे धातू, नवे सुटे भाग लागतील, ते आपल्याकडे तयार व्हावेत म्हणून कोणत्या कल्पनेवर किती माणसं लावायची, कोणाला किती वर्षं द्यायची, कोणतं काम बंद करायचं, हे ठरवते. आमच्याकडं एक ते नऊ अशी पट्टी आहे. एक म्हणजे कागदावरची कल्पना, नऊ म्हणजे वर जाऊन नीट चालून दाखवलेली वस्तू. मधल्या पायऱ्यांवर प्रत्येकाला आपलं लेकरू दोन पायऱ्या वर दिसतं, आणि माझं काम त्याला खाली बसवायचं. थोडक्यात, मीही मुकादमीनच आहे, फक्त पंख्याखालची.

तू एकदाच आमच्याकडं आली होतीस, कुटुंबांना केंद्र बघायला बोलावतात त्या दिवशी. काचेपलीकडं पांढऱ्या टोप्या, पांढरे झगे, बुटांवर पिशव्या घातलेली माणसं बघून तू मला विचारलंस, "इतकं धुऊनपुसून आत जातेत, तरी चुकतं का गं?" मी म्हणाले, हो, चुकतं. "मंग त्ये कोनाला सांगतेत?" मी तुला पुढच्या खिडकीकडं नेलं. खरं तर तेव्हा कोणी कोणालाच सांगत नव्हतं. तू आम्हाला सोडून गेलीस त्याला आता सोळा वर्षं होतील. तू गेल्यावर दोनेक वर्षांनी माझ्याकडं हा विभाग आला आणि पहिल्याच सोमवारच्या बैठकीत मी कोणाला कामाची प्रगती विचारली नाही. विचारलं, "गेल्या आठवड्यात काय सुटलं?" सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. शेवटी लातूरकडचे एक जुने तंत्रज्ञ उठले, उभं आयुष्य यंत्रांत गेलेला माणूस, आणि म्हणाले, "म्याडम, म्या एक स्क्रू दोनदा पिळलाय." मी पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढून त्यांना दिली. सगळे हसले. महिन्याभरात चिक्कीचं पाकीट पुरेना.

पाच-सहा वर्षांनी आमच्या हाती एक व्हॉल्व्ह तयार होत आला. करंगळीएवढा. उपग्रहाला वर गेल्यावर वळायचं असतं, तेव्हा हा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, इंधनाची पिचकारी सोडतो आणि बंद होतो. हजारो वेळा उघडायचं, हजारो वेळा घट्ट बंद व्हायचं, आणि मध्ये दुरुस्तीला कोणी येणार नाही. तोवर आपण तो बाहेरून आणत होतो. माझ्या चौदा माणसांनी सहा वर्षं त्यात घातली होती. एका मोहिमेवाल्यांनी सांगितलं, की निवड समितीनं हो म्हटलं तर तुमचाच लावू. समितीची बैठक गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी ते लातूरचे तंत्रज्ञ माझ्या दारात आले. हातात टोपी, चेहरा पडलेला. "म्याडम, सुटलंय एक."

गारठ्याच्या चाचणीत एका व्हॉल्व्हमधून दोन सेकंद गळती झाली होती. गळती मोजणाऱ्या काट्याला झोका आला तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. त्यानंतर तोच व्हॉल्व्ह शेकडो वेळा बिनचूक चालला. नोंद होते ती दर मिनिटाच्या सरासरीची, त्यामुळे कागदावर काहीच नव्हतं. मी त्यांना विचारलं, नक्की का? ते म्हणाले, "बिलकुल नक्की. डोळे म्हातारे झालेत, पण काटा हलला की कळतं." मी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि चहा येईस्तोवर माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते तुला सांगायला लाज वाटत नाही. गुरुवारी गप्प बसायचं, निवड होऊ द्यायची, मग निवांत शोधायचं कुठं गळतं ते, असंही आलं. सहा वर्षं, चौदा जणं, त्यातल्या एकीनं बाळंतपणाच्या रजेतून येऊन चाचण्या घेतलेल्या. आणि मीही माणूसच, मलाही आपल्या व्हॉल्व्हचं नाव वर गेलेलं हवं होतं.

चार वाजता सगळ्यांना गोळा केलं. सांगितलं, की गुरुवारी मी समितीला ही गळती सांगणार आहे. ती बाळंतपणाहून आलेली पोरगी उभीच राहिली. "मॅडम, दोन सेकंद! एकदाच!" मी म्हणाले, आपण गप्प बसलो तर व्हॉल्व्ह बोलेल, आणि तो आपल्या प्रयोगशाळेत नाही बोलणार, वर जाऊन बोलेल. तुझं वाक्य मी तसंच्या तसं उचललं आणि माझं म्हणून खपवलं. ती मुलगी खाली बसली. दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं, फक्त लातूरचे ते येता जाता मान हलवून नमस्कार करायचे.

गुरुवारी समितीसमोर मी आधी सगळ्या चांगल्या चाचण्या दाखवल्या आणि मग ती दोन सेकंदं सांगितली. अध्यक्षांनी चष्मा काढून कागद पुन्हा चाळला. "हे यात कुठं दिसत नाही." मी म्हणाले, "नाही सर, दिसत नाही. आमच्या तंत्रज्ञांनी पाहिलं." "मग तुमचं स्वतःचं मत काय?" "अजून तयार नाही," मी म्हणाले. मोहिमेवाल्यांनी बाहेरचा व्हॉल्व्ह घेतला आणि आम्ही हात हलवत परत आलो.

कारण सापडायला सात महिने लागले, आणि कारण ऐकशील तर लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसशील. कापूस, माय! गारठ्यात हात बधिर होतात म्हणून रबरी हातमोज्याच्या आत आमची माणसं पातळ सुती मोजे घालत होती. मनगटापाशी त्याची बारीक लव बाहेर यायची, आणि तिचा केसासारखा एक तंतू त्या व्हॉल्व्हच्या तोंडात जाऊन बसला होता. दोन सेकंदांत तो निसटून गेला असणार. जालन्याच्या मातीतनं निघून इतकी लांब पळाले, पण कपाशीनं काही माझा पिच्छा सोडला नाही. आम्ही मोजे बदलले, चाचण्या पहिल्यापासून घेतल्या, दर मिनिटाच्या जागी दर क्षणाची नोंद ठेवायला लागलो. तो व्हॉल्व्ह आता एका उपग्रहात बसून वर गेलाय आणि रोज व्यवस्थित उघडझाप करतोय. गेला त्या दिवशी लातूरच्या त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि ती पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली. मी कधी नव्हे ती खूप आनंदात होते.

आता ती राहिलेली गोष्ट. त्या गुरुवारी बैठक संपल्यावर चहाच्या टेबलावर अध्यक्षांनी मला थांबवलं. म्हणाले, "स्वतःचीच वस्तू अशी नाकारणारा विभागप्रमुख मी पाहिला नाही. माणसांनी स्वतःची चूक आपण होऊन सांगायची ही सवय तुम्ही कुठून आणलीत?" भोवती सहासात जण. कोणाचे वडील प्राध्यापक, कोणाची आई डॉक्टर. सगळे माझ्याकडं बघत होते, कौतुकानं. आणि मी म्हणाले, "एका परदेशी प्रशिक्षणात शिकले, सर." ते प्रशिक्षण झालं होतं, खोटं नाही, पण त्यात जेवणाशिवाय काही लक्षात राहण्यासारखं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी मी कोणाला न दिसलेली दोन सेकंदं आपण होऊन सांगितली होती, आणि तिथं तुझं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. पुढं ही पद्धत वापरा म्हणून सगळ्या केंद्रांना पत्रक गेलं, त्या प्रशिक्षणाचं नाव घालून. पद्धतीला तीन इंग्रजी अक्षरांचं नाव मिळालं. मी तिच्यावर व्याख्यानं देते, आणि शेवटच्या पानावरही तेच नाव असतं. मी स्वतःला समजावते, की आई दुसऱ्याच्या वावरात मुकादमीन होती म्हटलं असतं तर ते लोक हळवे झाले असते, कुठून कुठं आलात म्हणाले असते, आणि तुझी हुशारी बाजूला राहून नुसती आपली गरिबी त्यांच्या लक्षात राहिली असती. पण हे कारण मी नंतर शोधलंय. त्या क्षणी मला फक्त लाज वाटली होती, तुझी. पत्रक निघून तीन वर्षं झाली, त्यातली ती ओळ अजून तशीच आहे.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं, आणि पोचलं असतं तरी तुला वाचता कुठं येत होतं! मामाची पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायचे. त्यात तुला लागेल असं काही असलं की मी ती ओळ गाळून पुढं जायचे, आणि तू दर वेळी माझ्या तोंडाकडं बघत विचारायचीस, "इतकंच लिवलंय का?" मी म्हणायचे, हो, इतकंच. हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. व्हॉल्व्हपर्यंत अगदी खणखणीत वाचलं असतं, कापसापाशी दोघी पोट धरून हसलो असतो. मग वरचा एक परिच्छेद मी गाळला असता. तू विचारलं असतंस, इतकंच का, आणि मी हो म्हणाले असते.